'हकीकत'ची गाणी अजून का रडवतात?



आम्ही गेली काही वर्षे मुलीकडे नेपरव्हिलला असतो. शिकागोच्या पश्चिमेला, डुपेज नदीच्या काठी वसलेले हे गाव. येथे उन्हाळ्यात दर गुरुवारी संध्याकाळी सेंट्रल पार्कमध्ये गावाच्या बँडचा कार्यक्रम असतो. हा बँड १८५९ सालापासूनचा आहे. लोक घडीच्या खुर्च्या आणि खाण्याचे डबे घेऊन येतात, मुले गवतावर लोळतात आणि म्हातारी माणसे ऐकत बसतात. आम्ही अर्थात दुसऱ्या गटातले.

अशाच एका गुरुवारी बँडने सैन्याच्या निरनिराळ्या दलांची गाणी एकामागून एक वाजवली. ज्या दलाचे गाणे लागेल त्या दलात नोकरी केलेल्यांनी उभे राहायचे आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी येथली रीत. आमच्याबरोबर शेजारचे वृद्ध गृहस्थ आले होते. तरुणपणी ते पायदळात होते, व्हिएतनामला जाऊन आले होते, हे आम्हांला ठाऊक होते. पायदळाचे गाणे लागले. आजूबाजूला पाच-सहा जण उभे राहिले. आमचे शेजारी मात्र आपल्या बुटांकडे पाहत बसून राहिले. गाणे संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

घरी आल्यावर नातवाने विचारले, "ते का नाही उठले? ते सोल्जर होते ना?" आम्ही म्हटले, "उद्या सांगतो." त्या उत्तराची तयारी करता करता आम्ही साठ वर्षे मागे गेलो, ते थेट 'हकीकत' चित्रपटापाशी. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला असेल. नसला पाहिला तरी त्यातली गाणी ऐकली नाहीत असा आपल्या पिढीतला माणूस विरळा.

बासष्टचे साल

ज्यांचे शालेय शिक्षण भारतात झाले त्यांना १९६२ चा ऑक्टोबर आठवत असेल. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस दिवाळी आली. आपल्या घरांत दिवाळीचे दिवे लागत नसले तरी चाळीत आपण सगळे एकत्रच वाढलो, आणि त्या वर्षीची चाळीतली दिवाळी कशी मुकी गेली ते आम्ही पाहिले. बायकांनी संरक्षण निधीला बांगड्या काढून दिल्या. शाळेत मुलांनी खाऊचे पैसे जमवले. जवानांसाठी लोकरीचे मोजे विणणाऱ्या बाया गॅलरीत बसलेल्या दिसत. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असे जो तो म्हणू लागला. २१ नोव्हेंबरला लढाई थांबली. महिनाभरात सारे संपले होते आणि आपण हरलो होतो.

या लढाईत लडाखमध्ये रेझांग ला नावाच्या खिंडीत १३ कुमाऊँ पलटणीची एक कंपनी होती. सोळा हजार फुटांहून अधिक उंची, अंगावर थंडीला पुरेसे कपडे नाहीत, आणि मध्ये डोंगर असल्यामुळे मागून तोफखान्याची मदत नाही. १८ नोव्हेंबरला मेजर शैतानसिंग आणि त्यांचे सुमारे १२० जवान तेथे लढले. त्यांतले शंभराहून अधिक तेथेच पडले. मेजर शैतानसिंगांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पुढच्या वर्षी त्या जागी लोक पोहोचले तेव्हा बर्फात गोठलेल्या देहांच्या हातांत शस्त्रे तशीच होती. लढाई हरली, पण या माणसांना हरलेले म्हणावे तरी कसे, हा प्रश्न त्या काळी घराघरांत होता. 'हकीकत' हा त्याच प्रश्नातून निघालेला चित्रपट.

चित्रपट

चेतन आनंद यांनी तो १९६४ मध्ये काढला. पंजाब सरकारने पैशाची मदत केली आणि लष्कराने सहकार्य दिले. चित्रीकरण लडाखच्या उघड्या डोंगरांत झाले. बलराज साहनी, धर्मेंद्र, विजय आनंद, जयंत आणि प्रथमच पडद्यावर आलेली प्रिया राजवंश अशी मंडळी त्यात होती. चित्रपट तीन तासांचा आणि कृष्णधवल. गोष्ट सांगायची तर दोन वाक्यांत सांगता येते. संख्येने फार थोडी असलेली एक तुकडी वेढली जाते आणि तिला मागे हटण्याचा हुकूम मिळतो. हटणाऱ्यांना वाट मिळावी म्हणून एक तरुण कॅप्टन आणि एक लडाखी मुलगी मागे थांबतात आणि तेथेच मरतात.

युद्धाचे चित्रपट बहुधा विजयाचे असतात. शेवटी झेंडा लागतो, बिगूल वाजतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन जेवतात. 'हकीकत' आरंभापासून अखेरपर्यंत माघारीचा चित्रपट आहे. माणसे चालत राहतात, पाय गोठतात, पाणी संपते, संख्या कमी होत जाते. आम्ही तो पाहिला तेव्हा आम्ही चौदा वर्षांचे होतो. चित्रपटगृहातून बाहेर पडताना कोणी बोलत नव्हते. एरवी मध्यंतरापासूनच गाणी गुणगुणणारा आमचा थोरला भाऊसुद्धा भायखळ्याच्या चाळीपर्यंत गप्प चालत आला.

संगीत

गाणी लिहिली कैफी आझमी यांनी आणि चाली दिल्या मदन मोहन यांनी. मदन मोहन यांचा जन्म १९२४ साली बगदादला झाला. बगदाद म्हटले की आपल्याला आपले बगदादी बांधव आठवतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. १९४३ मध्ये ते लष्करात अधिकारी झाले आणि दुसरे महायुद्ध संपेपर्यंत दोन वर्षे त्यांनी तेथे काढली. बराकीतला माणूस रात्री काय आठवतो हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

या चित्रपटातली गाणी नीट ऐकली तर एक गोष्ट ध्यानात येते. शेवटचे गाणे सोडले तर एकाही गाजलेल्या गाण्यात शत्रूला आव्हान नाही. लता मंगेशकरांचे एक गाणे दिवाळीचे आहे. दिवे लागले आहेत आणि घरचा माणूस सीमेवर आहे. मोहम्मद रफींचे एक छोटेसे गाणे आहे. तिच्या दारातून निघालेल्या माणसाला वाटते की ती हाक मारील, थांबवील. हाक येत नाही आणि तो दूर दूर जात राहतो. त्या गाण्यात रफींच्या आवाजाइतकेच व्हायोलिन बोलते. ते वाजवले होते प्यारेलाल यांनी, म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले. नेहमीच्या गाण्यात धृपद फिरून फिरून येते आणि ऐकणाऱ्याला घरी परतल्यासारखे वाटते. येथे तो आधार फारसा मिळत नाही. चाल पुढेच जाते, जशी त्या माणसाची वाट पुढेच जाते. गाण्याची रचना आणि गाण्याचा अर्थ एक झाले की ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण छातीत काहीतरी हलते.

तिसरे गाणे चौघांचे. रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि त्या वेळी अगदी नवखे असलेले भूपिंदर सिंग. भूपिंदर पडद्यावरही दिसतात. थकलेले शिपाई बसले आहेत आणि प्रत्येकाच्या मनात मागे राहिलेली एक बाई आहे. तिने आपल्याला नाइलाजानेच विसरले असेल आणि विसरताना तिचे काय हाल झाले असतील, याची कल्पना ते करतात. नीट पाहिले तर ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. मरणाच्या दारात बसलेली माणसे स्वतःच्या दुःखाबद्दल बोलत नाहीत, तिच्या दुःखाबद्दल बोलतात. आणि चार आवाज कशाला? एकाच गायकाने म्हटले असते तर ते एका प्रियकराचे गाणे झाले असते. चार गळे आले की ऐकणाऱ्याला वाटते, पाचवा मीही असू शकतो.

आणि शेवटचे गाणे रफींचे. पडलेल्या जवानांचे देह दिसतात आणि ते मेलेले जवान आपल्या सोबत्यांना देश सोपवून जातात. कैफी आझमींनी त्यात रामायणातल्या प्रतिमा आणल्या आहेत. हे गाणे पुढे चित्रपटातून बाहेर पडले आणि देशाचे झाले. दर १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला ते चौकाचौकांत ध्वनिवर्धकावर लागते. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनाही ते पाठ आहे.

चाळीतले चौघे

आता घरचे सांगतो. आमच्या दादाला गाण्याचा नाद होता. त्याने आणि चाळीतल्या तीन मित्रांनी ते चौघांचे गाणे वाटून घेतले होते. दादाकडे तलत महमूद. शनिवारी शाब्बाथ सुटला की रात्री गॅलरीत चौघे ओळीने बसत आणि आपापले कडवे म्हणत. चौघांत एक आपला बेने इस्राएल, म्हणजे दादा, एक मालवणचा, एक गोव्याचा ख्रिस्ती आणि एक खालच्या मजल्यावरचा मुसलमान. दादाचा आवाज तलतसारखा कापायचा. आई म्हणायची, "हा गातो का कुडकुडतो?"

१९६८ मध्ये दादा इस्राएलला आला आणि तीन वर्षांनी आम्ही आलो. लोदला राहत होतो. ६ ऑक्टोबर १९७३, म्हणजे आपल्या दार फाळणीच्या सणाचा दिवस. उपास होता, प्रार्थना चालू होती. दुपारी दोनच्या सुमारास भोंगा झाला. प्रार्थनालयातून एकेक तरुण उठून बाहेर जाऊ लागला. दादाने तालेथ घडी करून वडिलांच्या हातात दिला. ती घडी वडिलांनी कित्येक दिवस मोडली नाही.

दादा सिनायमधून परत आला. हातपाय धड होते. कामावर गेला, लग्न केले, मुले झाली. आम्ही देवाचे आभार मानले आणि विषय संपला असे समजलो. गाणे मात्र त्याने पुन्हा कधी म्हटले नाही.

पुढे कित्येक वर्षांनी आपल्या लोकांचा एक स्नेहमेळा होता. आम्ही शिक्षक, त्यामुळे मुलांचा कार्यक्रम आमच्याकडे. आम्ही हौसेने मुलांकडून 'हकीकत'चे शेवटचे गाणे बसवून घेतले, हातात कागदाचे झेंडे दिले. लोकांनी डोळे पुसले, टाळ्या पडल्या. दादा पहिल्या कडव्यालाच उठून गेला. आम्हांला फार लागले. चार महिने मेहनत केली आणि सख्ख्या भावाला पाच मिनिटे बसवेना, असे आम्ही बोलूनही दाखवले. त्यानंतर बरीच वर्षे आमच्यात थोडे अंतर पडले. सणाला जाणे-येणे असे, पण मोकळे बोलणे नसे.

शेवटी तो आजारी असताना एकदा रात्री आम्ही त्याच्यापाशी बसलो होतो. त्यानेच विषय काढला. म्हणाला, "त्या दिवशी उठून गेलो, तुला राग आला."

आम्ही म्हटले, "आला होता."

तो म्हणाला, "त्या गाण्यात मेलेली माणसं बोलतात. मेलेली माणसं बोलत नाहीत. मी बसलोय त्यांच्याजवळ. सकाळपर्यंत बसलोय."

थोड्या वेळाने आम्ही विचारले, "आणि चौघांचं?"

"ते खरं आहे," तो म्हणाला. "त्यातले अजून जिवंत आहेत. तिथं आम्ही तेच बोलायचो. घरी काय चाललं असेल, आई जेवली असेल का. दुसरं काही नाही." मग म्हणाला, "पण ते म्हणायला चौघं लागतात. सिनायमध्येही आम्ही चौघंच होतो."

चौघांतले किती परत आले हे आम्ही विचारले नाही. विचारायची गरज उरली नव्हती. पुढच्या महिन्यात दादा गेला.

ही शक्ती येते कोठून?

शिक्षकाची सवय, म्हणून दादाच्या बोलण्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. आमच्या मते 'हकीकत'च्या संगीताची शक्ती तीन गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट वयाची. दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी माणसाच्या मनात सर्वांत घट्ट बसतात, असे स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे सांगतात. त्या वयात आपण स्वतः घडत असतो आणि गाणे त्या घडणीत विटेसारखे बसते. चाल ही शब्दांना बांधून ठेवणारी दोरीही आहे. म्हणून तर आपण पाढे चालीवर पाठ केले आणि तोराह सुरांवर वाचली. पुष्कळ विसरलेल्या वृद्धांनाही जुनी चाल लागली की शब्द सापडतात, हे तुम्ही कोणा ना कोणाच्या घरी पाहिले असेल.

दुसरी गोष्ट अशी की गाणे एकदा घटनेला चिकटले की त्याचा अर्थ बदलतो. आपल्या इस्राएलमधले ठळक उदाहरण 'येरुशालाईम शेल झहाव'. नओमी शेमेर यांचे हे गाणे १५ मे १९६७ रोजी शुली नतान यांनी प्रथम म्हटले. तेव्हा ते हुरहुरीचे गाणे होते. तीन आठवड्यांत लढाई झाली, जुने शहर हाती आले आणि शेमेर यांनी त्याला नवे कडवे जोडले. चाल तीच राहिली, पण ऐकणारे बदलले होते. भारतात पाहा. कवी प्रदीप यांनी लिहिलेले आणि आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी चाल दिलेले ते प्रसिद्ध गाणे लताबाईंनी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत नेहरूंसमोर म्हटले. त्याच्यामागे चित्रपट नाही, पडदा नाही, तरीही ते टिकले, कारण त्याच्यामागे बासष्टचे घाव होते. 'हकीकत'चेही तसेच. दादाच्या बाबतीत तर चौघांच्या गाण्याला दुसरीच लढाई येऊन चिकटली, दुसऱ्याच देशातली.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. चित्रपट दुःखाला जागा देतो आणि ते लगेच अभिमानात बुडवून टाकत नाही. आपल्या परंपरेला हे नवीन नाही. बिरड्याचा रोजा आठवा. आव महिन्याच्या नवमीला जमिनीवर बसून, दिवे मंद करून आपण एखा वाचतो. पडलेल्या येरुशालाईमचे ते रडगाणे आहे. विजयाची गाणी आपल्याकडे आहेतच, पण हरलेल्या दिवसाचेही सूर आपण शेकडो वर्षे जपले. बेन्यामीन शिमशोन अष्टमकरांनी १८८० मध्ये आपल्या समाजात मराठी कीर्तन सुरू केले, तेव्हाही हेच सूत्र होते. योसेफाला भाऊ विकतात आणि याकोब रडतो, त्या जागी कथा थांबते आणि गाणे सुरू होते. कथेने जे सांगता येत नाही ते गाण्याकडे सोपवायचे. चेतन आनंद आणि मदन मोहन यांनी पडद्यावर तेच केले.

जो परत येतो तो

पण दादाने एक गोष्ट शिकवली ती कोणत्याही पुस्तकात नव्हती. लढाईचे गाणे घरी थांबलेल्यांसाठी एक असते आणि जाऊन आलेल्यांसाठी दुसरे. आपण टाळ्या वाजवतो, कारण आपल्याला त्यांचे ऋण फेडायचे असते. ती टाळी खोटी नाही. पण ज्याला ती वाजते त्याला तिच्यात दुसरेच काही ऐकू येत असेल. आपल्या समाजात सैनिकांची परंपरा जुनी आहे. सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत आपले पहिले प्रार्थनालय बांधले. त्याचे नाव शाआर हाराहामीम, म्हणजे दयेचे द्वार. परत आलेल्या शिपायाच्या प्रार्थनालयाला पुढे नाव मिळाले ते विजयाचे नाही, दयेचे. लहानपणापासून हे नाव आम्ही ऐकत होतो, पण त्याचा अर्थ दादानंतर कळला.

म्हणून वाचकांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. समारंभात ही गाणी जरूर लावा, मुलांना जरूर शिकवा. फक्त समोर कोण बसले आहे ते आधी पाहा आणि कोणी उठून गेले तर राग धरू नका. आम्ही धरला, आणि त्यात दादाच्या सहवासाची बरीच वर्षे गेली. दुसरे असे की घरात कोणी अजून गाणारे असेल तर त्याला विचारा, हे गाणे तू प्रथम कोठे ऐकलेस, कोणाबरोबर म्हणायचास. तो सांगेल ते मराठीत, हिब्रूत, जमेल त्या भाषेत लिहून ठेवा. गाणे यंत्रात सापडते. चाळीतले चौघे यंत्रात सापडत नाहीत.

नातवाला आम्ही दुसऱ्या दिवशी एवढेच सांगितले की काही माणसे उभी राहून आठवतात आणि काही बसून आठवतात. तो म्हणाला, "मग आपण पण बसायचं का?" आम्ही म्हटले, "त्यांच्या शेजारी बसायचं."

पुढच्या गुरुवारी शेजाऱ्यांच्या दारावरची घंटा त्यानेच वाजवली. त्यांची घडीची खुर्चीही त्यानेच उचलली. बँडने त्या दिवशी सगळी नाचाची गाणी वाजवली.